अडतिसावा व्हॉल्व्ह

पुंडलिककाका पाणी बसून प्यायचे. उभ्यानं कधीच नाही.

रस्त्यात लोखंडी झाकण दिसलं की बुटाच्या टाचेनं दोनदा ठोकायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी नळाकडं बघायचे, मग माणसांकडं. वर्तमानपत्रात पहिल्यांदा जायकवाडीचा साठा वाचायचे, नंतर निधनवार्ता. मधलं सगळं दुपारवर. दाढी रोज. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं, मे महिन्यातसुद्धा. सही केली की नावाखाली सरळ रेघ ओढायचे आणि पेन टोपण लावूनच परत द्यायचे. उजवा हात खिशात ठेवायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, डाव्याला बी काम पडू द्या की.

आणि दारात पाय अडले की मोजायचे. ओठातल्या ओठात. एक फेरा, दोन फेरे, तीन फेरे. चौथ्याला पाय उचलायचा.

यातलं काहीच विशाखानं मुद्दाम टिपून ठेवलेलं नव्हतं. ते गेल्यानंतर एकेक आठवत गेलं.

भीमनगरात विहाराला लागून एका खोलीचं वाचनालय आहे. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर विशाखा तिथं सकाळी सात ते अकरा बसायची. येणाऱ्यानं रजिस्टरात सही करायची, एवढाच तिथला नियम. पुंडलिक साळवे सव्वासातला यायचे, जयभीम घालायचे, सही करायचे. एके दिवशी काम नव्हतं म्हणून ती जुनं रजिस्टर चाळत बसली. तीन वर्षांपूर्वीची त्यांची सही चांगली ऐसपैस होती, शेजारच्या रकान्यात घुसलेली. पुढं पानागणिक ती लहान होत गेली. आताची तांदळाच्या दाण्याएवढी होती. खालची रेघ मात्र तशीच सरळ.

तिनं विचारलं. जागा वाचवतो, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं, की पार्किन्सन म्हणतात असा आजार आहे, सात वर्षं झाली. त्यानं हात थरथरतो, अंग लाकडासारखं होतं आणि अक्षर बारीक होतं. अक्षराचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

तिथून त्यांची मैत्री झाली. तो पासष्टीला आलेला माणूस, ती चोवीस वर्षांची. वस्तीत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. फक्त पारूकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, की जन्मभर रस्त्याखालच्या लोखंडाशी बोलले, आता कुठं माणसाशी बोलू राहिले.

ते पाणीपुरवठ्यात लाईनमन होते. एकतीस वर्षं. औरंगाबादला नळाला पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी खाली सोडायची, व्हॉल्व्ह फिरवायचा. या गल्लीला इतके फेरे, त्या गल्लीला तितके. एक फेरा कमी पडला की शेवटच्या घराला पाणी चढत नाही. एक जास्त झाला की वरची गल्ली कोरडी. काका त्याला वॉल म्हणायचे. शहागंजापासून गुलमंडीच्या मागच्या अंगापर्यंत त्यांच्याकडं अडतीस वॉल होते. ते कागदावर कुठंच धड नव्हते. डोक्यात होते. खरं तर हातात होते.

आणि शहर वाढत होतं. सातारा, देवळाई, पलीकडं डोंगराच्या पायथ्यापर्यंत घरं गेली होती. जुन्या भागात खडी पडली, तिच्यावर डांबर, डांबरावर सिमेंट. प्रत्येक थराखाली एखादं झाकण गडप व्हायचं. काकांच्या जागेवर आता सांडू नावाचा चाळिशीचा लाईनमन होता. तो आठवड्यातून दोनदा तरी फोन करायचा. काका, कासाराच्या दुकानापुढला वॉल सापडंना. काका फोनवरच त्याला चालवायचे. डाव्या हाताला वळ, आता थांब, टाच आपट. बोदा, पोकळ आवाज येतो का? तिथंच खोद.

दोन हजार अठराचा पावसाळा कोरडा गेला. दिवाळीला जायकवाडीत पाणी नव्हतंच म्हणायचं. नळ सहाव्या दिवसावरून आठव्या दिवसावर गेला. सांडूचे फोन वाढले. तेव्हा विशाखाच म्हणाली, की हे लिहून काढू. दोनशे पानी वही आणली. ते सांगायचे, ती लिहायची.

"क्रमांक ९. पानठेल्यासमोर. आधी लिंबाचं झाड होतं, आता एटीएम आहे. भिंतीपासून चार पावलं. बावीस फेरे. बाविसाव्याला किर्र वाजतं. त्यापुढं जबरदस्ती करायची नाही."

असं एकेक. तिनं वाक्यं सुधारायचा प्रयत्न केला होता, पण दोनतीन दिवसांत सोडून दिला. ते सांगत होते त्यातला शब्द काढायला जागा नव्हती.

क्रम मात्र ते आपल्या मनानं घ्यायचे. पाचनंतर अठरा, अठरानंतर सात. अडतिसावा आला की म्हणायचे, तो राहू दे. ती एकदा का म्हणून धरून बसली, तेव्हा सांगितलं.

तो वॉल शहागंजाच्या मागच्या एका बोळात होता. दोन हजार चार साली, असाच दुष्काळ, जुने वॉल बदलायचे म्हणून वरचे इंजिनिअर तपासणीला येणार होते. काकांची एक सवय होती. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी चेंबर झाडून काढायचा, व्हॉल्व्हला ग्रीस भरायचं, दहावीस वेळा फिरवून मोकळा करायचा. साहेबापुढं आपला व्हॉल्व्ह अडला तर लाज जाते. अडतिसावा मुळात गेलेलाच होता, आतला दांडा झिजला होता. काकांनी त्याला पावशेर ग्रीस पाजलं. दुसऱ्या दिवशी तो लोण्यासारखा फिरला. साहेबांनी कागदावर लिहिलं, ठीक. बदलायच्या यादीतून तो गेला.

मे महिन्यात दांडा तुटला. वॉल बंद अवस्थेत अडकला. तो बोळ अकरा दिवस कोरडा राहिला. बाराव्या दिवशी दुसऱ्याच मापाचा, उलट्या आट्यांचा दांडा घासून बसवला, तेव्हापासून तो वॉल उलटा फिरतो. त्या बोळात मुक्ताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या राहायच्या. सगळे काकांना शिव्या घालत होते. मुक्ताबाईंनी फक्त रिकामी घागर आणली, काकांच्या पायापुढं उपडी ठेवली आणि आत गेल्या.

"ग्रीस लावलं ते माझ्या लाजेला," काका म्हणाले. "भोगलं गल्लीनं."

असं म्हणून हसले. विशाखाही हसली. तिला तो तेव्हा एक चांगला किस्सा वाटला होता.

जानेवारीत आजार बिघडला. दर तीन तासांनी गोळी होती. गोळी चढली की अंग उगाच झुलायचं, वेलीसारखं. उतरली की खुर्चीतून उठता यायचं नाही. मधला बरा वेळ दिवसातून दोनअडीच तास. वही त्यातच व्हायची. डॉक्टरांनी ऑपरेशनचं सुचवलं. मेंदूत दोन बारीक तारा सोडायच्या, गळ्याखाली छातीत बॅटरी बसवायची, तिचा प्रवाह मेंदूतल्या ठरावीक जागी पोचवायचा. आजार बरा होत नाही, पण अडलेलं अंग मोकळं होतं. पुण्याहून मुलगा प्रणय फोनवर म्हणाला, करून घ्या, माझ्या कंपनीच्या विम्यात बसतं. पारूकाकूला डोक्याला भोक पाडणं पटत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, तो बटण लावत होता, अकरा मिनिटं लागली. मग तिनं नाही म्हणणं सोडून दिलं.

पण ऑपरेशन मागितलं की मिळतं असं नसतं. आधी तपासणी. माणूस त्याला लायक आहे का ते बघतात. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दर पंधरा दिवसांनी मुंबईचे डॉक्टर यायचे, त्यांच्यातल्या डॉक्टर योगिनी हे काम बघायच्या. मेंदूचा फोटो झाला. मग बुद्धीची तपासणी. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. काकांनी रुपयाएवढं घड्याळ काढलं, वेळ बरोबर होती. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. बारा सांगून ते थांबले. मग म्हणाले, प्राणी सरले, वॉल सांगू का? आणि शहागंजापासून सुरू झाले. तपासणाऱ्या बाईंनी घड्याळ बंद करून ऐकलं. ऑपरेशन कशासाठी हवंय, असंही विचारलं. तुम्ही म्हणाल तसं, असं काकांचं उत्तर. त्या बाईंनी ते लिहून घेतलं, पण त्यांना ते पुरेसं वाटलेलं दिसलं नाही.

खरी तपासणी फेब्रुवारीत होती. तिचा कागद विशाखानं नवराबायकोला वाचून दाखवला. आदल्या संध्याकाळी आठनंतर गोळी घ्यायची नाही. सकाळी तसंच, गोळीशिवाय यायचं. आधी तसं तपासतील, मग औषध देऊन पुन्हा तपासतील. काकांनी शांतपणे ऐकलं. एकच प्रश्न विचारला.

"सायब लोक किती असत्याल?"

चार असतील, असं ती म्हणाली. त्यांनी मान हलवली.

सकाळी सातला ती रिक्षा घेऊन गेली तेव्हा काका दारात उभे होते. दाढी केलेली. केस विंचरलेले. गळ्याचं बटण लागलेलं. पारूकाकू म्हणाली, आपले आपणच तयार झाले, मला हात लावू दिला नाही. विशाखाला वाटलं, केवढी जिद्द. सगळ्या रस्त्यानं तिला तेवढंच वाटत राहिलं.

हॉस्पिटलात चार डॉक्टर होते आणि तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा. अंगठ्यावर बोट आपटा, जोरात. मूठ उघडा, मिटा. हाताची घडी घालून खुर्चीतून उठा. व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून या. काका चालले, वळले. परत येताना फरशीत एक झाकण होतं, त्याच्यावर टाच दोनदा आपटली. चौघेही हसले. मग औषध दिलं. तासाभरानं पुन्हा तेच सगळं. आता अंग थोडं जास्तच झुलत होतं. डॉक्टर योगिनींनी फाईल मागं उलटली, पुन्हा पुढं उलटली, काही लिहिलं.

रिक्षात काका लहान मुलासारखे खूष होते. "एकदाबी अडलो नाय," ते म्हणाले. घरी गेल्यावर पारूकाकूला सांगितलं, पास.

पंधरा दिवसांनी बोलावलं. डॉक्टर योगिनींनी अंग किती अडतं त्याचे दोन आकडे दाखवले. गोळीआधीचा आणि गोळीनंतरचा. त्यांत फारसं अंतर नव्हतं. त्यांनी हळूहळू समजावून सांगितलं. थरथर सोडली, तर गोळी जे करते तेच हे यंत्र करतं. गोळीनं जे होत नाही, ते यंत्रानंही होत नाही. गोळीनं तुमच्यात इतकाच फरक पडत असेल, तर कवटी उघडण्यात अर्थ नाही. तुम्हाला या ऑपरेशनसाठी घेता येणार नाही.

काकांनी नमस्कार केला. उठले. दारात पाय अडले. एक फेरा, दोन फेरे. चौथा झाला, सातवा झाला. मागं रांगेतले लोक थांबले होते. विशाखानं दंडाला धरलं तर त्यांनी हात सोडवून घेतला. पंधरापर्यंत मोजल्यावर पाय उचलला.

तीन दिवस ते वाचनालयात आले नाहीत. चौथ्या दिवशी आले. सही केली, रेघ ओढली, टोपण लावून पेन दिलं. वर्तमानपत्र उचललं नाही.

"पोरी, मी पाचला गोळी घेतली व्हती," ते म्हणाले. "आन निघताना अर्धी."

विशाखाला ते बटण आठवलं. गोळीवाचून ते लागणं शक्यच नव्हतं. ते तिच्या डोळ्यांपुढं होतं, रिक्षात बोटभर अंतरावर. गोष्टींतल्या बारीक खुणा शोधायला ती पाच वर्षं शिकली होती.

"काका, त्यांना अडलेलंच बघायचं होतं."

"ते आता कळू राहिलंय." मग खिशातल्या हाताकडं बघत म्हणाले, "चार सायब. त्यांच्यापुढं लाळ गाळत बसू व्हय? एकतीस वर्षांत कुण्या सायबानं माझा वॉल अडलेला नाय पाह्यला."

पुढं ते काय म्हणणार ते तिला कळलं, त्यांनाही कळलं. उपडी घागर दोघांच्या मधे कुणीतरी आणून ठेवल्यासारखी झाली.

काकांच्या घरी गेल्यावर तिला दुसरी गोष्ट कळली. पारूकाकूनं पाहिलं होतं. पहाटे पाचला तांब्या तिनंच भरून दिला होता.

"पाह्यलं की मी," ती म्हणाली. "पण माणसाला चारचौघांत तसं दावायला न्यायचं, ते मला बी बरं नाय वाटलं." हातातलं निवडण तिनं खाली ठेवलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, आता पुन्हा बघतील का?

हे डॉक्टरांना कोण सांगणार यावर वाद झाला नाही. काका म्हणाले, मी सांगणार. विशाखानं फक्त वेळ घेतली. त्यांनी उभ्यानंच सांगितलं, साहेबाला चूक सांगतात तसं. डॉक्टर योगिनींनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, की माझे वडील रक्त तपासायच्या आधी आठ दिवस साखर सोडायचे, आणि डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं की येताना पेढे आणायचे. हसल्या नाहीत. एप्रिलची तारीख दिली.

या वेळी विशाखा गेली तेव्हा काका दारात नव्हते. कॉटच्या कडेला बसले होते, म्हणजे बसवलेले होते. दाढी वाढलेली. शर्ट उघडा, आत बनियन. चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. पापणीसुद्धा क्वचित. पारूकाकू आणि रिक्षावाल्यानं त्यांना उचलल्यासारखं नेलं. इतक्या महिन्यांच्या मैत्रीत विशाखानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला बघायचं नव्हतं. ते तिच्याकडं बघत नव्हते.

तेच चौघं, तोच कॅमेरा. अंगठ्यावर बोट आपटा. बोट उचललं, अर्ध्यात राहिलं. मूठ उघडा. उघडली नाही. हाताची घडी घालून उठा. त्यांनी तीनदा जोर केला, तीनदा मागं पडले. हनुवटीवर लाळ आली. पारूकाकू पदर घेऊन उठली. काकांनी डोळ्यांनी तिला थांबवलं. चालायला दोघांनी धरून उभं केलं, तर पाय फरशीला खिळलेले. ओठ हलताना दिसत होते. ते मोजत होते. कॅमेरा चालू होता. कुणी घाई केली नाही. विशाखानंही मोजलं. चाळिसाव्याला पाय एक वीत सरकला.

मग औषध दिलं आणि सगळे थांबले. पाऊण तास. आधी पापण्या लवायला लागल्या. मग बोटं. मग त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. टँकर उभा होता, त्याच्या नळाला गळती होती, ते त्यांनी कुणालातरी सांगितलं. उठून उभे राहिले. आणि पहिलं काम काय केलं, तर खालपासून वरपर्यंत शर्टाची बटणं लावली. गळ्याचंसुद्धा.

आधीचा आकडा एकोणसाठ होता, नंतरचा बावीस. डॉक्टर योगिनींनी तो दोनदा अधोरेखित केला.

पुन्हा एकदा विचारलं, ऑपरेशन कशासाठी हवंय? या वेळी काका लगेच बोलले.

"एक वॉल दावायचा राहिलाय. माझ्या हातानं."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. निघताना डॉक्टर योगिनींनी हेही सांगितलं, की गिळणं आणि बोलणं या दोन गोष्टी यंत्रानं सुधारत नाहीत. खातापिताना जपा. हनुवटी खाली घेऊन गिळा. ठसका लागतो का, असं विचारल्यावर काका नाही म्हणाले. पारूकाकू म्हणाली, लागतो, पाण्याचा. त्यांनी बायकोकडं बघितलं. बघून मग स्वतःच म्हणाले, व्हय, लागतो.

एप्रिलचा शेवट आणि मेचे पहिले दिवस. विशाखाला आता वाटतं, की तेवढा काळ ते सुखात होते. ऊन मरणाचं, नळाला आठ दिवसांनी पाणी, वस्तीत टँकरपुढं ड्रमांची रांग. काका वाचनालयात येऊन भराभरा सांगायचे. सदतीस वॉल पुरे झाले. प्रत्येकाची जागा, फेरे, खोड. कुठला आवाज करतो, कुठला गपचूप फिरतो, कुठल्याच्या चेंबरात विंचू निघतात.

अडतिसावा राहिला. तिनं दोनदा मागितला. जागा तरी सांगा. अंदाजे आकडा सांगा, बाकीचं नंतर बघू.

"अंदाज नको," ते म्हणाले. "त्याच वॉलाला एकदा अंदाजानं ठीक लिव्हलं व्हतं." तो उलटा फिरतो, एवढंच नव्हतं. मधेच एका ठिकाणी बंद झाल्यासारखा लागतो आणि झालेला नसतो. ते हातालाच कळतं. दुसऱ्याच्या हातावर आपला हात ठेवून दाखवावं लागतं. तसा थरथरता हात ठेवून काय उपयोग? जूनमध्ये ऑपरेशन, जुलैत अंग मोकळं. मग सांडूला घेऊन आपण तिघं जाऊ. मी चावी धरतो, तू लिही. त्या घरातल्यांना बी सांगून येऊ. मुक्ताबाई आता नसतील, पण सून असेल.

तारीख ठरलेली होती. डॉक्टर हो म्हणाले होते. विशाखानं पुन्हा मागितलं नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काकांना ताप आला. सुरुवातीला उन्हाचा वाटला. दुसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. हॉस्पिटलात नेलं. पाण्याचा नाहीतर अन्नाचा अंश फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झालाय, असं तिथले डॉक्टर म्हणाले. प्रणय पुण्याहून पोचला तेव्हा ते शुद्धीत होते. विशाखाला बघून त्यांनी डावा हात थोडा उचलला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले.

तिला रडू आलं नाही. ती वाचनालयात गेली, खोली उघडली, रजिस्टर काढलं, त्या दिवसाची तारीख टाकली आणि बसून राहिली. सव्वासात वाजून गेलेलेच होते.

विहारात काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांडू आला. पारूकाकूच्या पाया पडला. जेवण झाल्यावर विशाखाजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, की ताई, दिवस बरा नाही पण विचारावं लागतंय. शहागंजाच्या मागच्या त्या बोळात सिमेंटचा रस्ता मंजूर झालाय, गुरुवारी काँक्रीट पडणार. तिथला वॉल डांबराखाली गेल्यापासून कुणी फिरवलेला नाही, आता जागा शोधून तो वर काढून घेतला नाही, तर ती गल्ली कायमची गेली. काका म्हणत होते, वहीत सगळं लिहून ठेवतोय.

तिनं वही आणली. तिच्या अक्षरातले सदतीस उलटले. अडतिसाव्याचं पान तिनं कोरं सोडलं होतं. ते कोरं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरात, त्यांनीच कधीतरी तिच्या नकळत लिहायला घेतलं होतं. सांडूला दिसेना. तिनं वही खिडकीशी नेली आणि मोठ्यानं वाचलं.

"क्रमांक ३८. मुक्ताबाईंचा बोळ. उलटा फिरतो. सांडू, हात हलका ठेव. फेरे"

त्याच्यापुढं एक सरळ रेघ ओढून आकड्यासाठी जागा सोडली होती.